हंगेरीचा श्रद्धाघोष : एक वाङ्मयीन परीक्षण

लोकशाहीचा ऱ्हास हा विषय राज्यशास्त्राचा. साहित्यसंस्थेच्या मुखपत्रात त्याला जागा कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैर म्हणता यावयाचा नाही. जेथे लोकशाही रणगाड्यांखाली चिरडली जाते तेथे वाङ्मयाच्या अभ्यासकाला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराच्या विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बाँब टाकले. त्या घटनेत वाचावयाचे असे काय आहे? परंतु गेल्या काही दशकांत नव्या लोकशाही राष्ट्रांची जी पडझड झाली तिचा प्रकार निराळा आहे. तेथे बंदूक क्वचितच दिसते. दिसतात ते कागद : प्रस्तावना, अधिनियम, दुरुस्त्या, अभ्यासक्रम, भाषणे. ज्यांचा वाचनाशी रोजचा संबंध आहे त्यांनीच बारकाईने वाचावे असे हे साहित्य आहे. हंगेरीच्या बाबतीत तर आमचा अधिकार थोडा अधिकच आहे. कारण त्या देशाच्या नव्या संविधानाची पहिली ओळ ही एका कवितेची पहिली ओळ आहे.

हंगेरी हे राष्ट्र म्हणून जुने, पण लोकशाही म्हणून तरुण. १९९० च्या वसंतात तेथे पहिली मुक्त निवडणूक झाली आणि पुढली वीस वर्षे सरकारे रीतसर आली व गेली. २००६ साली तत्कालीन समाजवादी पंतप्रधानांचे बंद दाराआडचे एक भाषण फुटले. मतदारांशी आपण खोटे बोललो अशी स्वच्छ कबुली त्यात होती. दोन वर्षांनी जागतिक आर्थिक अरिष्ट आले आणि स्विस फ्रँकमध्ये घरकर्जे घेऊन बसलेली सामान्य कुटुंबे पार बुडाली. तेव्हा एप्रिल २०१० मध्ये व्हिक्टर ऑर्बान ह्यांच्या फिदेस पक्षाच्या आघाडीला ५२.७३ टक्के मते पडली ती काही फसवणुकीने नव्हे. लोकांना राग होता व तो रास्त होता. मात्र त्या वेळच्या निवडणूकपद्धतीमुळे ह्या निम्म्याहून किंचित अधिक मतांच्या पदरात ३८६ पैकी २६३ जागा पडल्या, म्हणजे दोन-तृतीयांशांहून अधिक. आणि संविधान बदलावयास तेथे दोन-तृतीयांशच लागत. पुढची सारी कथा ह्या अपूर्णांकाची आहे. २०१० पासूनच्या पहिल्या तेरा वर्षांपुरतेच आम्ही येथे बोलणार आहो.

प्रथम शब्दाकडे वळू. ह्या राज्यप्रकाराला इंग्रजीत जे नाव रूढ झाले ते प्रचारात आणले मूळच्या मुंबईकर फरीद झकारिया ह्यांनी, १९९७ सालच्या एका लेखातून. निवडून येतात खरे, पण निवडून आल्यावर कायद्याचे राज्य, न्यायालयांचे स्वातंत्र्य आणि व्यक्तीचे हक्क ह्यांची बूज राखत नाहीत, अशा राजवटींसाठी त्यांनी ते वापरले. मराठीत त्याचे ‘अनुदार लोकशाही’ असे भाषांतर सर्रास होते आणि ते आमच्या मते दुबळे आहे. ‘अनुदार’ म्हटले की आपल्या मनापुढे वर्गणी मागावयास गेल्यावर चार आणे हातावर ठेवणारा गृहस्थ उभा राहतो. मूळ शब्दात औदार्याचा प्रश्नच नाही. प्रश्न सत्तेला घातलेल्या बांधाचा आहे. ‘निर्बंध लोकशाही’ म्हणावे तर निर्बंध म्हणजे बंधनही होते आणि बंधनाचा अभावही. ‘बेबंद बहुमत’ हा शब्दप्रयोग आम्हांला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. त्यात एक मोठा गुण असा की त्यातून ‘लोकशाही’ हे नामच गळते. विशेषण निषेधाचे आणि नाम गौरवाचे अशी जोडी जमली की निषेध विसरला जातो व गौरव शिल्लक राहतो, हा भाषेचा नेहमीचा अनुभव आहे. हंगेरीत नेमके तसेच घडले. समीक्षकाने निदान म्हणून दिलेले नाव रोग्याने बिरुद म्हणून छातीवर लावले.

ते बिरुद लावण्याचा दिवस २६ जुलै २०१४ हा होय, आणि स्थळ हंगेरीतले नव्हे. रुमानियातील तुश्नाद ह्या औषधी झऱ्यांच्या गावी, तेथील हंगेरीभाषक समाजाच्या उन्हाळी विद्यापीठात, ऑर्बान ह्यांनी ते भाषण केले. आपण उभारीत असलेले राज्य उदारमतवादी नव्हे, असे त्यांनी त्यात उघडपणे सांगितले. स्वातंत्र्यासारख्या मूल्यांना आपण नाकारीत नाही, पण राज्याच्या रचनेचा ती केंद्रबिंदू नसतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सिंगापूर, चीन, रशिया, तुर्कस्तान अशा देशांकडे आज जगाचे लक्ष आहे, असे सांगताना त्या यादीत त्यांनी भारताचेही नाव घेतले. आपल्याला न विचारता आपले नाव कोणी जामीनदार म्हणून लिहून द्यावे तसा हा प्रकार आहे, आणि भारतीय वाचकाने त्याबद्दल सुखावून जाण्याचे कारण नाही.

भाषण म्हणून ते चांगले आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यात आरडाओरड नाही; प्राध्यापकी थाटाची मांडणी आहे. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते स्थळ. १९२० च्या त्रियानॉन तहाने हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश गेला आणि तीस लाखांहून अधिक हंगेरीभाषक शेजारच्या राष्ट्रांत पडले. शंभर वर्षे ही माणसे आपली भाषा, आपल्या शाळा, आपली नाटकमंडळ्या जपत आली. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथल्या ज्या वाचकांसाठी आम्ही हे लिहीत आहो त्यांना ही वृत्ती समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्यावर तसा इतिहास गुदरलेला नाही. तरी आपल्या भाषेचे राज्य दुसरीकडे आणि आपण येथे, ह्या जाणिवेतून जो एक हळवेपणा येतो तो आपल्या ओळखीचा आहे. राजधानीहून कोणी मोठा माणूस आला, आपल्या भाषेत बोलला, तुम्ही आमचेच म्हणाला, की डोळे पाणावतात. अशा पाणावलेल्या डोळ्यांपुढे ते भाषण झाले.

ह्या हळवेपणाला राज्यकारभारात काय भाव आला तेही पाहण्यासारखे आहे. २०१० साली सत्तेवर येताच सरकारने सीमेपलीकडच्या हंगेरीभाषकांना नागरिकत्वाची वाट सोपी केली आणि २०१४ पासून त्यांना टपालाने मत देता येऊ लागले. ह्या टपाली मतांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मते २०१४, २०१८ आणि २०२२ ह्या तिन्ही निवडणुकांत सत्तारूढ आघाडीलाच पडली. ज्यांनी मते दिली त्यांचा आम्ही दोष मानीत नाही. कृतज्ञता हा दुर्गुण नव्हे. पण त्याच काळात पोटासाठी लंडनला गेलेल्या, हंगेरीत घरचा पत्ता असलेल्या नागरिकाला मात्र टपालाची सोय नव्हती; त्याने वकिलातीत जाऊन रांगेत उभे राहावयाचे होते. भाषेचे प्रेम दोघांचेही सारखेच, पण एकाचे मत घरबसल्या आणि दुसऱ्याचे प्रवास करून!

ह्या साऱ्याचे मर्म ज्याने फार पूर्वी ओळखले होते तो लेखक हंगेरीचाच. इश्त्वान बिबो हे कायद्याचे पंडित; १९५६ च्या उठावात काही दिवसांचे मंत्री. ४ नोव्हेंबर १९५६ रोजी सोव्हिएट फौजा बुडापेस्टमध्ये घुसल्या तेव्हा संसदभवनात मागे राहिलेला हा एकटा मंत्री टंकलेखन यंत्रावर निवेदन टंकीत बसला होता. पुढे त्यांना जन्मठेप झाली, १९६३ च्या माफीत ते सुटले आणि उरलेली नोकरी त्यांनी एका सरकारी ग्रंथालयात केली. त्यांचा १९४६ सालचा निबंध पूर्व युरोपातील छोट्या राष्ट्रांच्या दैन्यावर आहे. त्याचा गाभा आमच्या शब्दांत सांगावयाचा तर असा : ज्या समाजाला आपले अस्तित्वच पुसले जाईल अशी धास्ती लागून राहते त्या समाजात राष्ट्राचा कैवार आणि स्वातंत्र्याचा कैवार ह्यांची फारकत होते. राष्ट्र धोक्यात आहे, तेव्हा स्वातंत्र्याने जरा थांबावे, असे बोलले जाऊ लागते. आणि ते एकदा थांबले की धोका कधी संपतच नाही. लोकशाही ही बिबोंच्या मते मुख्यत्वे भय नसण्याची अवस्था होय. परकीयांचे भय, अल्पसंख्यांचे भय, कटाचे भय, ह्यांवर पोसलेला समाज निवडणुका घेऊ शकेल. लोकशाही चालवू शकणार नाही.

लोकशाहीचा आत्मा कोणता ह्यावर आपल्याकडे पुष्कळ भाषणे होतात. पण तिचा शत्रू भय आहे असे इतक्या नेमकेपणाने फारसे कोणी मांडलेले आमच्या वाचनात नाही. आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी ही व्याख्या मुले घडाघडा म्हणतात. त्या व्याख्येत भीतीला जागा नाही, आणि हरलेल्या पक्षालाही नाही.

आता नियतीचा विनोद पाहा. ३० मार्च १९८८ रोजी सदतीस तरुणांनी फिदेस पक्ष स्थापन केला तो बिबोंचेच नाव धारण करणाऱ्या कायदा-विद्यार्थ्यांच्या निवासी महाविद्यालयात. ऑर्बान तेथलेच. पक्षाच्या नावाचा अर्थ ‘तरुण लोकशाहीवाद्यांचा संघ’. १६ जून १९८९ रोजी, १९५६ चे हुतात्मा पंतप्रधान इम्रे नॉज ह्यांच्या अस्थींना सन्मानाने पुन्हा मूठमाती दिली गेली, तेव्हा सव्वीस वर्षांच्या ऑर्बाननी सोव्हिएट फौजांनी परत जावे असे जाहीरपणे म्हटले व ते एका दिवसात राष्ट्राला माहीत झाले. ह्याच नॉज ह्यांचा संसदेजवळचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये तेथून हलवून दुसऱ्या चौकात नेण्यात आला. पुतळा फोडला नाही. फक्त संसदेच्या नजरेआड केला. ह्या राजवटीची सारी रीत त्या एका कृतीत आहे.

ही रीत संविधानाच्या प्रस्तावनेत अधिक उघड दिसते. संसदेने १८ एप्रिल २०११ रोजी नवा ‘मूलभूत कायदा’ मंजूर केला. २६२ मते बाजूने, ४४ विरुद्ध. मुख्य विरोधी पक्ष मतदानास फिरकलेच नाहीत. लोकांचे सार्वमत घेतले गेले नाही. मसुद्याचा बराच भाग आपण आपल्या आयपॅडवर लिहिला, असे त्याच्या प्रमुख शिल्पकाराने अभिमानाने सांगितले होते. आपल्या संविधानसभेला जवळजवळ तीन वर्षे लागली व तीत एकेका शब्दावर दिवस दिवस वाद झाले, हे ज्यांना कंटाळवाणे वाटत असेल त्यांनी ह्या चपळाईशी त्याची तुलना करून पाहावी. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता की संविधानाचा एक शब्दही न बदलता केवळ कारभाराची रीत बदलून त्याचा आशय उलटा करता येतो. हंगेरीत दोन्ही गोष्टी केल्या गेल्या. शब्दही बदलले आणि रीतही.

प्रस्तावनेला त्यांनी नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘राष्ट्रीय श्रद्धाघोष’ असा होतो. चर्चमध्ये भक्तजन एकत्रितपणे जो म्हणतात त्या श्रद्धाघोषाचाच हा शब्द. येथेच वाचकाने थांबावे. संविधान हा करार असतो. करारावर सही करणारे एकमेकांशी भांडू शकतात, कलमांचा अर्थ न्यायालयात लावून घेऊ शकतात. श्रद्धाघोषाशी भांडता येत नाही. तो म्हणावयाचा, नाही तर देवळाबाहेर उभे राहावयाचे.

आरंभी आहे ती फेरेंत्स कॉल्चेई ह्यांच्या १८२३ च्या स्तोत्राची पहिली ओळ. हेच स्तोत्र हंगेरीचे राष्ट्रगीत आहे. देवाने हंगेरियनांना आशीर्वाद द्यावा ही प्रार्थना तीत आहे. ओळ सुंदर आहे आणि ती कोणत्याही हंगेरियनाच्या कंठात दाटून येत असेल. पण कॉल्चेईंचे संपूर्ण स्तोत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे की त्याचा मधला भाग आत्मपरीक्षणाचा आहे. राष्ट्रावर तातारांची, तुर्कांची संकटे आली ती आमच्याच पापांमुळे, देवाचा कोप आमच्याच वर्तनाने ओढवला, असे कवी सांगतो; यादवीत हंगेरियनांनीच हंगेरीचा घात केला हेही तो लपवीत नाही. ह्या पश्चात्तापानंतर मागितलेला तो आशीर्वाद आहे. श्रद्धाघोषाने आशीर्वाद घेतला आणि पश्चात्ताप सोडून दिला. कवितेची एक ओळ उचलली म्हणजे कविता उचलली असे होत नाही, हे आम्ही मॅट्रिकच्या मुलांना सांगतो. संविधानकारांना सांगावयास कोणी नव्हते.

हा पश्चात्ताप का वगळला त्याचे उत्तर पुढे आहे. श्रद्धाघोष म्हणतो की राष्ट्राने आपला स्वयंनिर्णय १९ मार्च १९४४ रोजी गमावला व तो २ मे १९९० रोजी परत मिळविला. १९ मार्च १९४४ हा जर्मन फौजांनी हंगेरी व्यापल्याचा दिवस. दिनांक खरा आहे. पण दिनांकाने जी रेघ ओढली जाते ती पाहावी. मे ते जुलै १९४४ ह्या अवघ्या काही आठवड्यांत चार लाखांहून अधिक हंगेरियन यहुद्यांना, बहुतेकांना आउश्विट्झकडे, आगगाडीच्या मालडब्यांतून धाडण्यात आले. त्या वेळी देशाचा राजप्रतिनिधी हॉर्तीच होता. माणसे गोळा करून डब्यांत कोंबण्याचे काम हंगेरियन सशस्त्र पोलीसच करीत होते. आणि यहुद्यांविरुद्धचे कायदे हंगेरीच्या संसदेने त्यापूर्वीच, १९३८ पासून, केलेले होते. श्रद्धाघोषाच्या हिशेबाने मात्र हे सारे ‘आम्ही’ नसतानाच्या काळात जमा होते. बिबोंनी १९४८ मध्ये यहुदी प्रश्नावर जो दीर्घ निबंध लिहिला त्यात त्यांनी हीच पळवाट बंद केली होती. हंगेरियन समाजाने आपली जबाबदारी स्वतःच्या तोंडाने सांगितली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांच्या नावाच्या छपराखाली पक्ष जन्मला त्यांचे हे लिखाण पक्षाच्या संविधानात कोठेच उतरले नाही.

आणि ‘आम्ही’ म्हणजे तरी कोण? मराठीला ह्या बाबतीत एक सोय आहे जी हंगेरियन भाषेला नाही. ज्यात ऐकणाराही येतो ते ‘आपण’ आणि ज्यात तो येत नाही ते ‘आम्ही’, असा भेद आपण सहज पाळतो. श्रद्धाघोषाच्या आरंभी बोलणारे आहेत हंगेरियन राष्ट्राचे घटक. शेवटी बोलणारे आहेत हंगेरीचे नागरिक. हे दोन निरनिराळे ‘आम्ही’ आहेत. पहिल्यात क्लुज येथला हंगेरीभाषक येतो, पण बुडापेस्टमधला रोमा मजूर येतो की नाही हे वाचकाने ठरवावयाचे. देशातील इतर वांशिक समाजांचा उल्लेख आहे, पण तो ‘आमच्यासह राहणारे’ ह्या भूमिकेतून, म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत. ख्रिस्ती धर्माने राष्ट्र टिकविले असे म्हणणारा तो ‘आम्ही’, संत इश्त्वानच्या पवित्र मुकुटात संविधानाची अखंडता पाहणारा तो ‘आम्ही’. त्या मजकुराचे मराठी भाषांतर करावयास बसलो तर प्रत्येक वाक्यापाशी आपल्याला थांबावे लागेल : येथे ‘आम्ही’ लिहू की ‘आपण’? आमच्या अंदाजाने ‘आपण’ लिहिता येईल अशी वाक्ये फार थोडी सापडतील. भारतीय उद्देशिकेतही ‘आम्ही’च आहे, असा आक्षेप येईल. पण तेथे ‘आम्ही’ला लागून येते ते लोकांचे नाव, कोणत्या पंथाचे, कोणत्या रक्ताचे, हे विचारलेले नाही.

कलमांविषयी थोडक्यात. ज्या कायद्यांना बदलण्यास दोन-तृतीयांश मते लागतात अशा कायद्यांच्या कक्षेत निवडणूक आणि न्यायालयेच नव्हे, तर कुटुंबसंरक्षण, करांची व निवृत्तिवेतनाची मूलतत्त्वेही घातली गेली. म्हणजे पुढे साध्या बहुमताने येणाऱ्या सरकारने राज्य करावे, पण धोरण ठरवू नये! घटना-न्यायालयाचे न्यायाधीश अकरांवरून पंधरा झाले आणि ते निवडण्यासाठी पूर्वी लागणारी पक्षोपक्षांची सहमती गेली. इतर न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय सत्तरवरून एकदम बासष्टवर आणले. युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये ते बेकायदा ठरविले, पण तोवर खुर्च्या भरल्या गेल्या होत्या. घटना-न्यायालयाने जे रद्द केले त्यातले बरेचसे मार्च २०१३ च्या चौथ्या दुरुस्तीने सरळ संविधानातच लिहिले. संसदेच्या जागा ३८६ वरून १९९ झाल्या, मतदारसंघ नव्याने आखले गेले, आणि २०१४ साली ४४.८७ टक्के यादी-मतांना १३३ जागा मिळाल्या. दोन-तृतीयांशाला नेमक्या तेवढ्याच लागतात. निवडणूक खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. २०१९ मध्ये राजधानीचे महापौरपद विरोधकांनी जिंकले. मते मोजली जात होती. मोजण्यापूर्वीचे सारे मात्र बदलले होते. १९५६ पासून चालत आलेले ‘नेपसबादशाग’ हे सर्वांत मोठे विरोधी दैनिक ८ ऑक्टोबर २०१६ रोजी मालकांनी एकाएकी बंद केले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारस्नेही मालकांनी आपली चारशेहून अधिक प्रकाशने व वाहिन्या एकाच प्रतिष्ठानाला दान करून टाकल्या. मालकांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर दानधर्म केल्याचे उदाहरण पुराणातही विरळाच.

साहित्यसंस्थांच्या सभासदांनी विशेष लक्ष द्यावे असे प्रकरण अकादमीचे आहे. १९९२ साली वास्तुशिल्पी इम्रे माकोवेट्स ह्यांच्या पुढाकाराने काही कलावंतांनी हंगेरियन कला अकादमी स्थापन केली. ती खाजगी संस्था होती; समविचारी माणसांनी एकत्र यावे ह्यात गैर काहीच नव्हते. २०११ नंतर तिला सार्वजनिक संस्थेचा दर्जा देऊन मूलभूत कायद्याचे संरक्षण देण्यात आले, बुडापेस्टमधील मूचारनॉक हे जुने कलादालन तिच्या स्वाधीन झाले, सदस्यांना दरमहा मानधन सुरू झाले. उलट, १८२५ साली काउंट सेचेन्यी ह्यांनी आपले एका वर्षाचे उत्पन्न देऊन जिचा पाया घातला त्या विज्ञान अकादमीच्या संशोधनसंस्था २०१९ च्या कायद्याने तिच्यापासून तोडून सरकारी वर्चस्वाच्या मंडळाकडे दिल्या गेल्या. एका संस्थेचे मानधन वाढले आणि दुसरीचे अवयव गेले. दोन्ही कृत्ये कायदेशीर ठरावाने झाली. अनुदानाच्या पत्राची वाट पाहत ज्यांची कार्यकारिणी वर्ष काढते त्यांना ह्यातला पहिला प्रकार दुसऱ्याहून अधिक विचार करावयास लावील. अवयव तोडले तर माणूस निदान ओरडतो.

शाळांची हकीकत आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. १ जानेवारी २०१३ पासून नगरपालिकांच्या शाळा क्लेबेल्सबर्ग ह्या नावाच्या एका केंद्रीय सरकारी यंत्रणेकडे गेल्या व एक लाखाहून अधिक शिक्षकांचा मालक एकच झाला. मुख्याध्यापकाला स्वतःच्या शाळेचा पैसा खर्चावयाचा अधिकार राहिला नाही. खडूसुद्धा वरून यावा लागे अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून येत. ज्यांनी शाळा चालविली आहे त्यांना ह्या तक्रारीचे हसू येणार नाही. शिक्षकांसाठी सक्तीच्या सभासदत्वाची एक राष्ट्रीय संघटना निघाली. पाठ्यपुस्तकांची निवड आटली व प्रकाशन जवळजवळ पूर्णपणे सरकारच्या हाती आले. पाठ्यपुस्तके सरकारने छापणे हे आपल्याकडे नवे नाही आणि त्यामुळे गरिबाच्या मुलाला स्वस्त पुस्तक मिळते. तेवढ्यावरून आम्ही कोणाला दोष देणार नाही. दोष आहे तो २०२० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात. चौदाव्या वर्षी आउश्विट्झला नेले गेलेले, २००२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे आणि त्या वेळी हंगेरीचे एकमेव वाङ्मयीन नोबेल-मानकरी असलेले इम्रे केर्तेस अनिवार्य वाचनातून गळाले, आणि योझेफ न्यिरो आले. न्यिरो हे ट्रान्सिल्वेनियातल्या डोंगरी जीवनाचे समर्थ लेखक होते हे नाकारता येत नाही; पण १९४४-४५ च्या बाणक्रॉस राजवटीच्या संसदेत ते बसले होते, हेही नाकारता येत नाही. वर सांगितलेला १९ मार्च १९४४ हा दिनांक आठवावा. प्रस्तावनेने जी पाने इतिहासातून सोडविली तीच पाने अभ्यासक्रमाने पेटीतून काढून घेतली. एकच संपादक दोन्ही ठिकाणी काम करीत असावा इतका हा मेळ चोख आहे. समालोचनाची म्हणून एक नोंद : वाङ्मयाचे दुसरे नोबेल हंगेरीला २०२५ मध्ये लास्लो क्रास्नाहोर्काई ह्यांच्यामुळे मिळाले, आणि ते ह्या राजवटीचे चाहते नव्हते.

भाषेच्या शिक्षकांच्या संघटनांनी ह्या अभ्यासक्रमाविरुद्ध लेखी निषेध केला. त्यापूर्वी २०१६ च्या आरंभी मिश्कोल्त्स येथल्या एका शाळेच्या शिक्षकांच्या उघड्या पत्रातून देशभर चळवळ उठली होती. शिक्षक चौकड्यांचे सदरे घालून अजागळपणे हिंडतात, अशा अर्थाचे एका माजी सचिवाचे उद्गार होते. तेव्हा शिक्षकांनी तोच सदरा निषेधाचा गणवेष केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने वटहुकमाने शिक्षकांच्या संपाला असे नियम लावले की संपावर असतानाही बहुतेक तास घ्यावेतच लागावेत. संपाचा हक्क कागदावर होता तसाच राहिला. मग काही शिक्षकांनी सविनय कायदेभंग म्हणून वर्गावर जाण्याचे नाकारले.

३० सप्टेंबर २०२२ रोजी त्यांपैकी पाच जणांना बुडापेस्टमधील एका शाळेतून बडतर्फ करण्यात आले. त्या शाळेचे नाव फेरेंत्स कॉल्चेई विद्यालय. ज्या कवीच्या पहिल्या ओळीने संविधान सुरू होते त्याच्याच नावाची ही शाळा. पुढच्या आठवड्यात, ५ ऑक्टोबरला, विद्यार्थी आणि पालक ह्यांनी राजधानीच्या रस्त्यांवर हातात हात घालून मानवी साखळी केली. जुलै २०२३ मध्ये संसदेने नवा कायदा करून शिक्षकांचे सार्वजनिक सेवकाचे स्थान काढून घेतले, आणि त्या वर्षी पुष्कळ शिक्षकांनी राजीनामे दिले. जे राहिले त्यांनी कॉल्चेईंचे स्तोत्र वर्गात शिकविताना मधली कडवी शिकविली की नाही, ह्याची नोंद कोणत्याही सरकारी कागदात मिळावयाची नाही.